पाकीट

शनिवार, 26 सप्टेंबर 2020, पुणे

राज्यात सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी आली. गुरुवारी आदेश निघाला. कारण असं की सुटी घेतली तर पाकिटावरचा इशारा आणि ते भयानक चित्र गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मुद्दा खोटा नाही. पण माझं गणित बिघडवलं ते पाकिटानंच.

मार्चपर्यंत दिवसाला चार, ठरलेल्या. ऑफिसखालची टपरी, एक कटिंग, एक छोटी गोल्डफ्लेक. पेटवायला टपरीला दोरीनं बांधलेला लायटर. माझ्या खिशात साधी काडेपेटीही नसायची. घरी तर कधीच नाही. चारच ओढतो म्हणून मी स्वतःला मोठा संयमी समजायचो. आता कळतंय, तो संयम पाचव्या मजल्यावरून खाली जायच्या कंटाळ्याचा होता.

25 मार्चपासून लॉकडाऊन, टपरी बंद. पहिले नऊ दिवस एकही नाही. डोकं जड, झोप नाही, मुलीवर उगाच ओरडलो. खरं तर सगळ्यात वाईट दिवस तिथेच सरत आले होते, थोडी कळ काढली असती तर... पण दहाव्या दिवशी अर्ध्या शटरखालून दुप्पट भावात पाकीट मिळालं. रोज एकेक आणायला बाहेर पडायचं तर चौकात पोलिसांच्या काठ्या. म्हणून अख्खं घेतलं. चौदा वर्षांत घरात आलेलं पहिलं पाकीट! तीन दिवस पुरवायचं ठरवलं होतं, दुसऱ्या दुपारी रिकामं. मे महिन्यात सहा फुटांचं अंतर ठेवून तंबाखूविक्रीला परवानगी मिळाली, भाव उतरले; पाकिटाची सवय मात्र तशीच राहिली. हल्ली आठ-नऊ होतात. कॅमेरा बंद असला की मीटिंग चालू असतानाही गच्चीवर.

कोरोनाची भीती वाटत नाही असं नाही. रोज उठल्यावर आधी उदबत्तीचा पुडा हुंगतो. वास आला की हायसं वाटतं आणि पहिली पेटवतो. ऑक्सिमीटरवर 98 दिसलं की छाती फुगते. परवा डॉक्टर मित्र फोनवर म्हणाला, ‘त्यावर जाऊ नकोस. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात चिकटतो, आणि ते यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजतं.’ म्हणजे बोटाला लावायचं ते यंत्रही माझ्याच बाजूनं खोटं बोलतंय. खरं बोलतो तो फक्त मास्क. गच्चीवरून उतरून दूध आणायला गेलो की स्वतःचाच श्वास नाकात येतो. हा वास बायको इतकी वर्षं कसा सहन करत आली, कोण जाणे.

आज संध्याकाळी पुन्हा वर निघालो. आई निवडलेली मेथी बाजूला सारत म्हणाली, ‘टाकीत पाणी किती आहे ते बघायला दिवसातून सहा वेळा जावं लागतं का रे?’

आठ वेळा. पण ते मी सांगितलं नाही.