तळं आटतं तेव्हा कासवं जातात कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘एप्रिलात आमचं गावतळं ठणठणीत कोरडं पडतं, मग पहिल्या मोठ्या पावसात कासवं येतात कुठून?’ दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हे विचारतंच. काही कासवं दुसरं पाणी शोधत चालत जातात हे खरं. पण बरीचशी कुठेच जात नाहीत. गाळातच असतात.

आपल्याकडे तळी, ओढे, भातखाचरं इथे नेहमी दिसतं ते फ्लॅपशेल कासव. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठीवर खवल्यांऐवजी नुसती कातडी, नाक नळीसारखं पुढे आलेलं. मान आणि पाय आत ओढले की त्याची खरी करामत दिसते. मागच्या बाजूला पोटाच्या कवचाला दोन झडपा असतात, त्या वर येऊन पायांची जागा झाकतात. पुढचा भागही उचलून तोंडाशी बसतो. डब्याचं झाकण लागावं तसं. कृष्णा-गोदावरीतल्या लिथच्या मऊ पाठीच्या कासवाला हे जमत नाही.

पाणी उतरू लागलं की हे कासव ओल्या गाळात स्वतःला गाडून घेतं. खाणं बंद, हालचाल बंद, शरीराचा सगळा कारभार मंद. वर भेगा पडतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि खाली हे महिनोन्‌महिने तग धरून.

म्हणूनच मे महिन्यात गाळ काढायला जेसीबी उतरतो तेव्हा मला धाकधूक होते. गाळ काढू नका असं मी म्हणणार नाही, पाणी माणसालाही हवंय. पण बादलीत माती पडताना एक माणूस नजर ठेवून उभा असावा. कासव निघालंच तर त्याच तळ्याच्या, खोदकाम नसलेल्या ओलसर कडेला ठेवा. जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

विहिरीत मात्र टाकू नका. ‘कासवानं पाणी स्वच्छ राहतं’ म्हणून लोक टाकतात खरे. ते गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, सगळं खातं; पण अंडी घालायला मादीला जमीन लागते, आणि बांधीव विहिरीच्या उभ्या कडेवरून तिला वर येता येत नाही. आणि घरी, लक्ष्मी म्हणून? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ते. पाळणं गुन्हा आहे.