चित्राखालचं नाव: बायझंटाइन प्रतिमावादाचे सांधे

या विषयाला मराठीत सर्रास ‘मूर्तिभंजन’ म्हणतात आणि गफलत तिथूनच सुरू होते. मूर्ती म्हटलं की घडवलेली, सगळ्या बाजूंनी दिसणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकांत ख्रिस्ताच्या आणि संतांच्या प्रतिमा असाव्यात की नाही यावर वाद झाला, तो मुख्यतः सपाट चित्रांवरून. फळीवर रंगवलेली, भिंतीवर काचेच्या तुकड्यांनी जडवलेली, कापडात विणलेली चित्रं. पुढे ग्रीकमध्ये त्याला ‘आयकोनोमाखिया’ हे नाव पडलं, म्हणजे प्रतिमांवरून लढाई. त्यात फोडाफोडीपेक्षा भांडणाला महत्त्व आहे आणि भिंतींवर उरलेला पुरावाही तेच सांगतो.

साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, हागिया सोफिया या मुख्य चर्चमध्ये नैर्ऋत्येकडच्या प्रवेशदालनावर पॅट्रिआर्कच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या, वापरातल्या खोल्या आहेत. 768-69च्या सुमारास पॅट्रिआर्क निकेतासने तिथले संत काढवले. पण त्यासाठी कुणी घण घेऊन भिंतीवर चढलं नाही. वर्तुळात संताचं छातीपर्यंतचं चित्र होतं. भोवतालची नक्षी जशीच्या तशी ठेवून तेवढंच उचकटलं आणि तिथे क्रॉस बसवला. मोझाइकचे तुकडे ओल्या चुन्याच्या गिलाव्यात दाबून बसवतात. गिलावा वाळला की आकृती सुटी करता येत नाही, वरचा गिलावाच तेवढा खरवडून नवा थर द्यावा लागतो. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो आणि त्याची छटा दर खेपेला थोडी वेगळी उतरते. तुकड्यांच्या ओळींची दिशाही जुन्याशी जुळत नाही. म्हणून नीट पाहिलं की ठिगळाची कड दिसते. तशीच ठिगळं वर्तुळांच्या खालीही आहेत. तिथे संतांची नावं होती. चेहरा गेल्यावर नाव राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? या प्रश्नातच वादाचं मर्म आहे, असं मला वाटतं.

नाइसियाच्या कोइमेसिस चर्चचं उदाहरण याहून बोलकं. तिथल्या अर्धघुमटात आधी मेरी होती, मग तिच्या जागी क्रॉस आला, मग पुन्हा मेरी. 1922च्या युद्धकाळात चर्च नष्ट झालं, पण आधी काढलेल्या छायाचित्रांत सोनेरी पार्श्वभूमीवर क्रॉसच्या भुजांचे सांधे दिसतात. मेरी परत बसवणाऱ्याने स्वतःचं नावही लिहून ठेवलं होतं: नौक्रातिओस दैवी प्रतिमा उभारतो.

आता वादाकडे. सम्राट तिसरा लिओ (717–741) याने 730मध्ये प्रतिमांविरुद्ध पवित्रा घेतला आणि पॅट्रिआर्क गेर्मानोसला पद सोडावं लागलं. पण विरोधाला खरी तात्त्विक धार दिली ती लिओचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन याने. बॉस्फरसच्या आशियाई काठावरच्या हिएरिया इथल्या राजवाड्यात 10 फेब्रुवारी ते 8 ऑगस्ट 754 अशी परिषद भरली आणि 338 बिशप जमले. त्यांनी टाकलेला पेच असा: ख्रिस्त देवही आहे आणि माणूसही. चित्रकाराने दोन्ही रंगवल्याचा दावा केला, तर अमर्याद देवत्व त्याने रेषेत कोंडलं. फक्त माणूस रंगवला म्हणाला, तर देवत्वापासून माणूस तोडला. दोन्ही बाजूंनी पाखंडच. खरी प्रतिमा एकच, प्रार्थनाविधीत ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त मानले जाणारे ब्रेड आणि वाइन. त्यांचा आणखी एक मुद्दा होता. ब्रेडवर प्रार्थना म्हणून तो पवित्र करतात, चित्रावर तशी कोणतीच प्रार्थना म्हणत नाहीत. मग रंगाऱ्याच्या हातून उतरलेली फळी पवित्र कशी?

या प्रश्नाला उत्तर मिळायला 33 वर्षं लागली. प्रतिमांच्या बाजूच्या सम्राज्ञी आयरीनने 786मध्ये राजधानीतच परिषद बोलावली, पण कॉन्स्टंटाइनच्या बाजूच्या सैनिकांनी ती उधळली. त्या तुकड्या हलवल्यावर 787मध्ये नाइसियात परिषद भरली. तिचं उत्तर होतं: क्रॉसवर तरी कुठे प्रार्थना म्हणता? कित्येक पवित्र गोष्टी नुसत्या नावानेच पवित्र असतात आणि चित्रावर नाव लिहिलं की त्याचा मान मुळाकडे पोचतो. नाव म्हणजे चित्र आणि संत यांच्यातला दुवा. हे समजलं की निकेतासच्या कारागिरांनी अक्षरंही का खरवडली ते लगेच कळतं. अर्धं काम करून भागणारच नव्हतं.

हिएरियाच्या पेचाला नेमकं उत्तर पुढच्या पिढीत थिओडोर स्टुडाइट या मठाधिपतीने दिलं. चित्र देवत्वाचं किंवा मनुष्यत्वाचं नसतं, ख्रिस्त या व्यक्तीचं असतं. अंगठीचा ठसा मेणावर उमटतो तेव्हा आकार तोच असतो, पण मेण काही सोनं होत नाही. साम्य रूपाचं, द्रव्याचं नाही. या सगळ्या वादात मला सर्वांत आवडलेला दाखला हाच.

787च्या परिषदेने दोन शब्द काळजीने वेगळे ठेवले: ‘लात्रिया’ म्हणजे पूजा, ती फक्त देवाची, आणि ‘प्रोस्किनेसिस’ म्हणजे वंदन, ते प्रतिमेलाही चालेल. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पण पश्चिम युरोपातल्या फ्रँक राजाच्या दरबारात पोचलेल्या लॅटिन भाषांतरात हा फरक पुसला गेला आणि ग्रीक लोक चित्रांची पूजा करायला सांगतात असा समज झाला. 794मध्ये फ्रँकफुर्टच्या परिषदेने त्या मताचा निषेध केला. ढिसाळ भाषांतराची एवढी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

प्रतिमाविरोधकांना सगळीच चित्रं नकोशी होती असं मात्र नाही. यासाठी नाणी पाहावीत. सोलिडस हे सोन्याचं नाणं, एका रोमन पौंडात 72, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमचं. सम्राट दुसऱ्या जस्टिनियनने सातव्या शतकाच्या अखेरीस त्यावर ख्रिस्ताचा चेहरा आणला, दाढी आणि लांब केस असलेला. पुढे तो चेहरा गेला. लिओच्या चांदीच्या मिलियारेसियनवर पायऱ्यांवर उभा क्रॉस आहे, दुसऱ्या बाजूला नुसती अक्षरं. सोलिडसवर मात्र सम्राट आणि त्याचा मुलगा ठळकपणे विराजमान आहेत. सम्राटाचा चेहरा चालत होता, कारण त्याच्यापुढे कुणी मेणबत्ती लावून आजार बरा करायला सांगत नव्हतं. 843मध्ये वाद मिटल्यावर सम्राट तिसऱ्या मायकेलच्या नाण्यावर ख्रिस्त परतला, तो जस्टिनियनच्या नमुन्यावरूनच.

इथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे आलेला लेखी मजकूर जवळपास सगळा जिंकलेल्या बाजूचा आहे. हिएरियाचा ठरावही टिकला तो 787मध्ये त्याचं खंडन करायला मोठ्याने वाचला म्हणून. लिओने राजवाड्याच्या खाल्के दरवाजावरचं ख्रिस्ताचं चित्र काढवलं ही गोष्ट जागोजागी छापलेली असते, पण तिला समकालीन साक्ष नाही आणि अनेक अभ्यासक ती नंतर रचलेली मानतात. छळ झालाच नाही असा याचा अर्थ नव्हे. सम्राट थिओफिलोसच्या काळात थिओडोर (स्टुडाइट नव्हे, दुसरा) आणि थिओफानिस या भावांच्या चेहऱ्यावर निंदेच्या ओळी गोंदवल्या गेल्या. त्यांना ‘ग्राप्तोई’, म्हणजे ‘लिहिलेले’, असंच म्हटलं जातं.

815मध्ये पाचव्या लिओने प्रतिमाबंदी पुन्हा आणली. बल्गारांकडून झालेले पराभव हे त्यामागचं मोठं कारण. प्रतिमा मानणारे सम्राट हरतात, हा हिशेब सैन्याला पटला होता. थिओफिलोसच्या मृत्यूनंतर त्याची विधवा थिओडोरा हिने 843च्या मार्चमध्ये वाद कायमचा मिटवला.

त्यानंतर काय बदललं ते पाहायचं असेल तर सिनाई पर्वताच्या मठातली जुनी चित्रं घ्यावीत. मठ तेव्हा साम्राज्याच्या हद्दीबाहेर होता, म्हणून ती वाचली. सहाव्या शतकातलं एक चित्र गरम मेणात रंग कालवून रंगवलेलं आहे. मध्ये मेरी आणि बाळ, दोन्ही बाजूंना एकेक सैनिक संत. कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. दाढीवाला थिओडोर आणि बिनदाढीचा जॉर्ज, हे केवळ चेहऱ्यावरून ठरवतात. 843नंतरच्या फळीवर असा अंदाज बांधावा लागत नाही. ख्रिस्ताच्या दोन बाजूंना येशू आणि ख्रिस्त या नावांची पहिली आणि शेवटची ग्रीक अक्षरं असतात आणि प्रत्येक संताच्या डोक्याशेजारी त्याचं नाव.