कोबानमध्ये एक तास: टोकियोतल्या पोलीस चौकीत काय शिकलो

कोबान म्हणजे आपली चौकी. दारावर लाल दिवा, आत टेबल, भिंतीवर परिसराचा मोठा नकाशा. ठाणं वेगळं, त्याला केइसात्सुशो म्हणतात. खेड्यात चुझाइशो असते, तिथे पोलीस कुटुंबासह चौकीतच राहतो. भाषाशाळेच्या वर्गाबरोबर तासभर बसल्यावर दिसलं, की परक्या विद्यार्थ्याचं कोबानशी काम पडतं ते बहुतेक हरवलेल्या वस्तूंसाठी, नाहीतर सायकलीमुळे.

पाकीट हरवलं तर 'इशित्सु तोदोके', म्हणजे वस्तू हरवल्याच्या नोंदीचा फॉर्म, भरायचा. कुठल्याही कोबानमध्ये चालतो, जिथे हरवलं तिथेच जायला हवं असं नाही. काय, कधी, कुठे, रंग, फोन नंबर एवढंच विचारतात. चूक होते ती 'काळं पाकीट' लिहून थांबल्याने. आतली कार्डं, अंदाजे रक्कम, नाणी असतील तर तीही लिहावीत, कारण सापडलेल्या ढिगातून जुळवाजुळव याच तपशिलावर होते. दुसरी अडचण आपल्या नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नावही असतं, बँकेत काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) भलतंच लिहिलेलं असतं, आणि जपानीत 'ल' नसल्याने कुलकर्णी 'कुरुकारुनी' होतो. एकच स्पेलिंग ठरवून वहीत लिहून ठेवावं. तोंडी सांगत बसलं की फॉर्म तीनदा बदलतो.

निघताना 'ज्युरी बांगो', म्हणजे नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय उठू नये. पाकिटात झाइर्यू कार्ड (निवास ओळखपत्र) असेल तर नवं काढायला १४ दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि कार्ड हरवल्याचा पुरावा म्हणून पोलिसांकडची ही नोंद लागते. हे कार्ड सोळा वर्षांवरच्या परक्या माणसाने कायम जवळ बाळगायचं असतं. पोलीस मागू शकतात, आणि जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घरी जपून ठेवण्याची आपली सवय इथे अंगाशी येते.

दुसऱ्याची वस्तू सापडली तर ती सात दिवसांत जमा करायची. स्टेशन किंवा दुकानात सापडली असेल तर तिथल्या माणसाकडे, तीही २४ तासांत. मालक मिळाला तर वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा हक्क राहतो. तीन महिन्यांत कोणी आलं नाही तर वस्तू सापडणाऱ्याची होते. फोन आणि कार्डं मात्र याला अपवाद, त्यांत खासगी माहिती असते.

सायकलची गोष्ट जास्त वेळ ऐकावी अशी. प्रत्येक सायकलवर 'बोहान तोरोकु'चा, म्हणजे चोरी रोखण्यासाठीच्या नोंदणीचा, स्टिकर लागतो. टोकियोत ६६० येन देऊन सायकलच्या दुकानात नोंदणी होते, कोबानमध्ये नाही. मायदेशी परतणाऱ्या मित्राने सायकल फुकट दिली तर नोंद त्याच्याच नावावर राहते, आणि रात्री पोलिसाने थांबवून नंबर तपासला की चोरीची शंका येते. मित्र विमानात बसण्याआधी त्याच्याकडून जुनी नोंद रद्द करून घ्यावी आणि सहीचं हस्तांतरपत्र घ्यावं. तो गेल्यावर हे सगळं दहापट किचकट होतं. दारू पिऊन सायकल चालवणं किंवा हातात फोन धरून चालवणं, या दोन्हींच्या शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाल्या आहेत.

कोबान रिकामी दिसली तर पोलीस गस्तीवर असतात. टेबलावरचा फोन उचलला की ठाण्याशी बोलता येतं. तातडीसाठी ११०, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, नुसता सल्ला हवा असेल तर हॅश ९११०. ११० वर पहिला प्रश्न असतो 'जिकेन देसु का, जिको देसु का', गुन्हा की अपघात. लगेच नंतर पत्ता विचारतात, आणि घाबरलेल्या माणसाची जपानी नेमकी इथेच अडखळते. विजेच्या खांबावरची पाटी किंवा शीतपेयांच्या व्हेंडिंग मशीनवरचा पत्त्याचा स्टिकर वाचून दाखवला तरी चालतं.