आमची वाटचाल : टनेलची काच

भोसरी एमआयडीसीत आमचं काचकामाचं युनिट आहे. पार्टिशनं, शोरूमच्या दर्शनी काचा सगळं केलं, पण नाव झालं ते कार वॉश टनेलच्या, म्हणजे गाडी सरकत धुऊन निघते त्या बोगद्याच्या, खिडक्यांनी. लाउंजमध्ये बसलेल्या गिऱ्हाइकाला आपली गाडी फेसातून सरकताना दिसावी म्हणून ही खिडकी. ती काही महिन्यांत पांढरी पडायची आणि मालक तिच्यावर ऑफरचं पोस्टर चिकटवायचे.

डाग क्षारांचा असतो, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. नगर रोडच्या बोअरला आमचा मीटर त्याच्या कितीतरी वर जायचा. त्यात शाम्पूचा अल्कली आणि वॅक्स.

भागीदार अण्णांचं म्हणणं एकच होतं : थेंब काचेवर सुकूच द्यायचा नाही. नेहमीच्या खिडकीला टनेलच्या बाजूने कट्टा राहतो, त्यावर फेस साचतो. आम्ही काच भिंतीशी सपाट आणली. १२ मिमी टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली. भोकं आणि कडा भट्टीआधीच, कारण टफन झालेल्या काचेला पुन्हा हात लावता येत नाही. वर बारीक भोकांचा ३१६ स्टेनलेसचा पाइप. गाडी पुढे गेली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, उघडतो आणि आरओच्या पाण्याचा सलग पडदा काचेवरून उतरतो. पाइप जरा कलला की पाणी एका बाजूला पळतं आणि अर्धी काच कोरडी राहते. म्हणून अण्णा आजही तो पाण्याच्या लेव्हल नळीने बसवतात. लेझर आहे आमच्याकडे. पण नळीतले बुडबुडे काढून दोन्ही टोकांचं पाणी स्थिर होईपर्यंत थांबणारा माणूस पाइपही नीट बसवतो, हे मी पाहिलं आहे.

२०१६ साली एक स्पर्धक निम्म्या भावात कोटिंग केलेली पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची शीट घेऊन आला. ‘कायम स्वच्छ’ म्हणायचा. त्याच सुमारास आमच्या एका साइटची काच धुरकटली. तिथली पोरं चाकांच्या रिमा धुवायचं रिम क्लीनर काचेवरही मारायची आणि त्यात अमोनियम बायफ्लोराइड होतं. ते काचच खातं. घासून काही परत येत नाही. आम्ही हे त्या मालकांना लेखी दिलं. स्पर्धकाने मात्र त्या काचेचा फोटो काढून पुणेभर दाखवला. हातातल्या ऑर्डरी गेल्या. नोव्हेंबरात नोटाबंदी आली, येणी अडकली, बँकेचं कॅश क्रेडिट मर्यादेपर्यंत वापरून झालं. पगारासाठी अण्णांनी मुलीच्या लग्नाची एफडी मोडली. त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. मी विसरलेलो नाही.

वाचवलं वाघोलीच्या एका वर्कशॉपच्या ताईंनी. त्यांच्या टनेलला दोन्ही बाजूंना लाउंज. त्या म्हणाल्या, “एका बाजूला त्यांचं लावते, एका बाजूला तुमचं. भांडण तुम्ही करू नका, काचेला करू द्या.” पावसाळ्याआधीच पलीकडचं कोटिंग गेलं. अल्कलीने शीटवर केसासारख्या चिरा आल्या, ब्रशचे ओरखडे वेगळेच. ताईंनी ओळखीच्या मालकांना स्वतः फोन करून बोलावलं. त्यांच्या खिडकीची सर्व्हिस मी आजही स्वतः करतो.

नवीन टनेल टाकणाऱ्यांना सांगतो, पाणी झटकणारं कोटिंग खिडकीला लावू नका. गाडीवर ते चालतं, कारण पुढे ब्लोअर थेंब उडवतो. खिडकीला ब्लोअर नाही. प्रत्येक थेंब जागीच सुकतो आणि गोल ठिपका सोडतो. काचेवर पाणी पसरायला हवं. पाणी पसरवणारी टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाची काच मिळते, पण तिला उन्हातली अतिनील किरणं लागतात, ती टनेलच्या आत येणार कुठून? काच बसवायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, घ्या. आणि आरओचं फिल्टर तुंबलं की पडदाही क्षारांचाच होतो, तेव्हा पाइपच्या तोंडाशी टीडीएस तपासत जा.

मधली वर्षं ठीक गेली. काम आहे, माणसं टिकली, अण्णांची एफडी व्याजासकट परत केली.

तो फोटो मात्र अजून फिरतो. ज्यांच्याकडे आला असेल त्यांनी फोटोतल्या काचेला बोट लावून विचारावं, इथे कोणतं रिम क्लीनर वापरत होते? लेबलची प्रत आमच्याकडे आहे. मागेल त्याला देतो.