नेत्रदानातला डोळा मी का बसवून घेत नाही?

माझ्या उजव्या डोळ्यावरचा पांढरा पडदा पाहून शहापूरपासून खानापूरपर्यंत भेटेल तो विचारतो, ‘इतके लोक नेत्रदान करतात, मग तुम्ही डोळा का बसवून घेत नाही?’ मी घाबरून टाळतो आहे, असा त्यामागचा समज मला लागतो.

नेत्रदानातून मिळतो तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचे पारदर्शक आवरण. माझे गेले ते त्याच्या कडेला. कॉर्निया संपून पांढरा भाग सुरू होतो तिथल्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या गोल पट्टीला ‘लिंबस’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ वस्त्राचा काठ. आमच्या घरी हातमाग होता, त्यामुळे काठ केवळ शोभेचा नसतो, तो कडेचे धागे धरून ठेवतो, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. लिंबसमधील मूळ पेशी कॉर्नियाचा वरचा थर सतत नवा करतात आणि बाजूचा पांढरा पापुद्रा त्यावर चढू देत नाहीत.

शाळेत असताना आजोबांच्या तंबाखूची चुन्याची पुडी घट्ट झाली होती म्हणून मी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि ती तोंडासमोर फुटली. पापणी उघडेना. दारात नळ होता. पण शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी ‘पाणी लावू नका, चुना उकळेल’ असे बजावून डोळ्यात तूप सोडले. उकळतो तो कळीचा चुना. खाण्याचा चुना आधीच विझवलेला असतो. पापणीखालचे कण तसेच राहिले, आणि चुन्यातला अल्कली पेशींच्या आवरणातील स्निग्धांश विरघळवत आत उतरत गेला. त्या क्षणी डोळा नळाखाली धरून निदान अर्धा तास धुवायला हवा होता. पुष्कळ वर्षे मी त्यांना मनात दोष दिला. आता तसे म्हणवत नाही, कारण दवाखान्यापर्यंत मला उचलून नेणारेही तेच होते. पण ते तूप विसरताही येत नाही.

अशा डोळ्यावर नुसता कॉर्निया बसवला, तर त्यावर पुन्हा रक्तवाहिन्या आणि पापुद्रा चढतो. आधी लिंबसच्या पेशी हव्यात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 साली मांडलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच चांगल्या डोळ्यातून सुमारे 2 × 2 मिलिमीटरचा तुकडा घेतात, आणि त्याचे बारीक भाग प्रसूतीनंतर मिळणाऱ्या वारेच्या पातळ पडद्यावर ठेवून जखमी डोळ्यावर रुजवतात.

धोका फार कमी आहे, असे डॉक्टर सांगतात आणि मला ते पटतेही. तरी ज्या एकाच डोळ्यावर माझे सारे वाचन चालते, त्याच्याच काठाला हात लावायचा आहे. याला भीती म्हणायचे असेल तर म्हणा. संमतीपत्र मी घरी आणून ठेवले आहे. त्यावर सही करीन की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.