नजर म्हणजे डोळा अधिक डोके

छापील मजकुराचे एक पान हातभर अंतरावर धरा आणि नकार देताना हलवतो तशी मान झपाझप हलवत ते वाचत राहा. अक्षरे जागची हलत नाहीत. आता मान स्थिर ठेवून तेच पान त्याच वेगाने हलवा; अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. पहिल्या वेळी आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याची गती ओळखतात आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलट दिशेने वळवले जातात. दुसऱ्या वेळी मेंदूला डोळ्यातल्या सरकत्या प्रतिमेवरूनच वेग ओळखावा लागतो, आणि त्याला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात.

डोक्यावर घालायच्या आय ट्रॅकरने, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणाने, नोंदवलेला कोन हा डोक्याच्या संदर्भातला डोळ्याचा कोन असतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र मला माझ्याच नोंदी चुकीच्या वाचल्यावर उमगला. चालती-फिरती व्यक्ती एका वस्तूकडे पाहत पाहत वळत होती आणि चित्रफितीत नजरेचा ठिपका त्या वस्तूवरून ढळत नव्हता, पण माझ्या तक्त्यात तिथे एकही सलग फिक्सेशन, म्हणजे नजर एका जागी ठरल्याची नोंद, नव्हती. कारण साधे होते. डोळ्याचा वेग सेकंदाला ३० अंशांहून जास्त झाला की ती सॅकेड (नजरेची एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडी), असा नियम मी लावला होता, आणि ६० अंशांच्या वेगाने वळणाऱ्या डोक्याची भरपाई करताना डोळाही त्याच वेगाने उलटा फिरत होता. म्हणजे जी नजर सर्वांत स्थिर होती, तिलाच मी सर्वांत अस्थिर ठरवले होते.

हनुवटी टेकवून, डोके जखडून केलेल्या प्रयोगांत हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणूनच तिथे घडलेल्या व्याख्या बाहेर तशाच नेल्या जातात. फिक्सेशन आणि सॅकेड या शब्दांविषयी संशोधकांतच एकवाक्यता नाही, हे हेसेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले. तो लेख या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

डोक्याची गती जायरोस्कोपने (वळण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून त्यावरून काढलेला डोक्याचा कोन डोळ्याच्या कोनात मिळवणे हा उपाय आहे, पण दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळलेली हवीत. डोके सेकंदाला १०० अंश वेगाने वळत असताना २० मिलिसेकंदांचा फरक राहिला, तर नजरेच्या दिशेत २ अंशांची चूक होते. लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याची रुंदी जवळपास तेवढीच भरते, आणि सर्वांत स्पष्ट दिसणारा भागही साधारण तेवढाच असतो.

शिवाय कोन अचूक मिळाला तरी लक्ष तिथेच होते, असे म्हणता येत नाही. डोळा न हलवता लक्ष दुसरीकडे नेता येते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच अंधारात ठिणगीचा क्षणिक उजेड पाडून दाखवले होते. म्हणून आता तक्त्याच्या प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर मी आधी लिहिते: हा कोन डोक्याच्या संदर्भात डोळ्याचा, भोवतालच्या जागेच्या संदर्भात डोक्याचा, की त्याच जागेच्या संदर्भात नजरेचा. ‘लक्ष’ हा शब्द मी त्या तक्त्यात येऊ देत नाही.