तिसऱ्या बेसवर थांबलेला माणूस

२९ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री, बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील अखेरच्या सामन्याच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन गडी बाद झाले असताना, कॅन्सस सिटी रॉयल्सचा ॲलेक्स गॉर्डन तिसऱ्या बेसवर उभा होता. फलकावर ३-२ असा आकडा होता आणि बरोबरीसाठी त्याला घरापर्यंत, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या शेवटच्या बेसपर्यंत, फक्त ९० फूट धावायचे होते. क्रिकेटच्या हिशेबात सांगायचे तर ३० यार्ड, म्हणजे खेळपट्टीपेक्षा जेमतेम आठ यार्ड जास्त. ते अंतर त्याने कापले नाही, आणि कॅन्सस सिटीत इतक्या वर्षांनंतरही चार माणसे जमली की त्याला धावू द्यायला हवे होते की नाही, यावर वाद सुरू होतो. माझे मत मी पुढे सांगणारच आहे. पण त्या क्षणापर्यंत हा संघ पोहोचला कसा, हे कळल्याशिवाय त्या मताला अर्थ नाही.

आम्ही कॅन्सस सिटीच्या ओव्हरलँड पार्क या उपनगरात राहायला आलो तेव्हा रॉयल्स हा गावाच्या थट्टेचा विषय होता. १९८५ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सला हरवून त्यांनी अजिंक्यपद मिळवले होते आणि त्यानंतर एकदाही ते बाद फेरीपर्यंत पोहोचले नव्हते. २००२, २००४, २००५ आणि २००६ या चार हंगामांत तर त्यांनी शंभर किंवा त्याहून अधिक सामने गमावले होते. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ दर वसंतात अंगणात संघाचा निळा झेंडा लावत आणि लावताना स्वतःच हसत. मी विकत घेतलेले पहिले तिकीट अत्यंत स्वस्त होते, आणि ते मी सामन्यापेक्षा मैदानाच्या मागच्या कारंज्यांसाठी घेतले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

२०१४ चा संघ कागदावर विचित्र होता. वर्षभरात त्यांनी अवघे ९५ होम रन, म्हणजे चेंडू भिंतीपलीकडे टोलवणारे फटके, मारले. संपूर्ण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, हा आकडा सर्वांत कमी होता, आणि चेंडू सोडून फुकटात पहिला बेस मिळवण्याच्या बाबतीतही हाच संघ तळाला होता. पण त्यांनी बेस चोरले (फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला) १५३, म्हणजे इतर कोणापेक्षाही जास्त. आउटफिल्डमध्ये लॉरेन्झो केन आणि गॉर्डन यांच्यासारखी माणसे होती, ज्यांच्या आसपास हवेत उडालेला चेंडू जमिनीला क्वचितच टेके. आणि सातव्या, आठव्या व नवव्या डावासाठी केल्विन हेरेरा, वेड डेव्हिस आणि ग्रेग हॉलंड असे तीन पिचर, म्हणजे गोलंदाज, राखून ठेवलेले होते. सहा डावांनंतर रॉयल्स एका धावेने जरी पुढे असले, तरी लोक गाडीच्या किल्ल्या शोधू लागत. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला हा खेळ लगेच कळला: षटकार नाहीत, पण एकेरी-दुहेरी धावा चोरायच्या, क्षेत्ररक्षणात वीस धावा वाचवायच्या आणि शेवटची षटके हुकमी गोलंदाजांच्या हाती द्यायची.

तरीही २१ जुलैला हिशेब ४८ विजय आणि ५० पराभव असा होता. तेथून पुढच्या ६४ सामन्यांपैकी ४१ त्यांनी जिंकले आणि हंगाम ८९-७३ वर संपवला. डेट्रॉइटने ९० सामने जिंकले होते. एका सामन्याच्या फरकाने गटाचे पहिले स्थान हुकले आणि रॉयल्सच्या वाट्याला वाइल्ड कार्डचा, म्हणजे गटात पहिले न आलेल्या संघांमधला, एकच सामना आला. त्यात हरणाऱ्या संघाचा हंगाम तेव्हा त्याच रात्री संपत असे.

तो सामना ३० सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध झाला. आमच्याकडे नवरात्र चालू होते, देव्हाऱ्यात घट बसलेले होते, आणि माझी पत्नी आरती आटोपून खाली आली तेव्हा सहावा डाव सुरू होता. त्या डावात नेड योस्ट या व्यवस्थापकाने जे केले, त्याचे समर्थन मी आजही करू शकत नाही. दोन गडी बेसवर असताना त्यांनी जेम्स शील्ड्सला काढले आणि दोनच दिवसांपूर्वी एका सामन्याची सुरुवात केलेल्या योर्दानो व्हेन्चुराला आणले. ब्रँडन मॉसने त्याला तीन धावांचा होम रन मारला. डाव संपला तेव्हा ओकलंड ७-३ ने पुढे होते आणि स्वतःच्याच मैदानावर योस्ट यांची हुर्यो उडत होती. पत्नी म्हणाली, "झोपा आता, उद्या ऑफिस आहे." मी "हा डाव बघून येतो" असे म्हणालो आणि ते मी त्या रात्री आणखी सहा वेळा म्हणालो.

आठव्या डावात तीन धावा आल्या. नवव्यात जॅरड डायसन दुसऱ्या बेसवर होता आणि संपूर्ण मैदानाला ठाऊक होते की तो तिसरा बेस चोरणार; ओकलंडलाही ठाऊक होते; तरीही तो गेला आणि सुखरूप पोहोचला. नोरी आओकीने चेंडू खोल उजवीकडे उंच मारला, झेल पकडला गेला आणि डायसन चालत आल्यासारखा घरी आला. बरोबरी. बाराव्या डावात ओकलंडने पुन्हा एका धावेची आघाडी घेतली. मग एरिक हॉस्मरचा भिंतीवर आदळलेला तिहेरी फटका, ख्रिश्चन कोलोनच्या टप्पा खाऊन उंच उडालेल्या चेंडूवर आलेली बरोबरीची धाव, त्यानंतर कोलोनने चोरलेला दुसरा बेस, आणि मग कॅचर, म्हणजे रॉयल्सचा यष्टिरक्षक, सॅल्वाडोर पेरेझ.

पेरेझ त्या रात्री पाच वेळा बाद झालेला होता. त्याचा स्वभाव असा की कुठलाही चेंडू त्याला आपलाच वाटतो. डोक्यावरून जाणारा असो वा बाहेरच्या बाहेर निघालेला असो, बॅट फिरणारच. त्या वेळीही चेंडू बराच बाहेर होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. पेरेझने वाकून, जवळजवळ लोंबकळत, तो तिसऱ्या बेसच्या रेषेलगत ढकलला आणि जोश डोनाल्डसनच्या सूर मारलेल्या हातमोज्याच्या पुढून तो निसटला. ९-८. शेजारचे गृहस्थ रात्रीच्या त्या वेळी अंगणात येऊन झेंड्याखाली उभे होते. पेरेझची ही खोड लक्षात ठेवावी. ती पुढे परत येणार आहे.

त्यानंतरचे दोन आठवडे स्वप्नवत गेले आणि त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण सतत जिंकण्याची गोष्ट सांगायला थोडकीच असते. एंजल्सनी त्या वर्षी सर्वाधिक ९८ सामने जिंकले होते. त्यांना ३-० ने घालवले. त्यांतला दुसरा सामना दसऱ्याला झाला आणि अकराव्या डावात हॉस्मरने होम रन मारला तेव्हा आमच्या घरी सोने वाटून झालेले होते. बाल्टिमोरला ४-० ने हरवले. वर्षभर होम रनच्या नावाने बोंब असलेला हा संघ ऐन ऑक्टोबरमध्ये जादा डावांत होम रन मारू लागला होता. वाइल्ड कार्डपासून सलग आठ विजय, एकही पराभव नाही.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्धची अंतिम मालिका बरोबर दिवाळीत आली. पहिला सामना ७-१ ने गेला, कारण समोर मॅडिसन बमगार्नर होता. नरक चतुर्दशीला ७-२ ने जिंकलो. लक्ष्मीपूजनाला प्रवासाची सुट्टी होती, हे एक बरे झाले. पाडव्याला ३-२ असा विजय, भाऊबीजेला ११-४ असा पराभव, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बमगार्नर: पूर्ण नऊ डाव, एकही धाव नाही, ५-०. त्याच दिवशी कार्डिनल्सचा २२ वर्षांचा ऑस्कर तवेरास डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. तो व्हेन्चुराचा मित्र होता. सहाव्या सामन्यात व्हेन्चुरा टोपीवर मित्राची आठवण लिहून मैदानात उतरला, सात डावांत एकही धाव दिली नाही, आणि रॉयल्स १०-० ने जिंकले. (२०१७ च्या जानेवारीत व्हेन्चुराही त्याच देशात, तशाच अपघातात गेला. तेव्हापासून मला तो सहावा सामना पुन्हा पाहवत नाही.)

सातवा सामना. दुसऱ्या डावात दोघांच्याही दोन-दोन धावा झाल्या. तिसऱ्यात केन पहिल्या बेसवर असताना हॉस्मरने मधोमध मारलेला चेंडू हमखास पलीकडे जाणार असे वाटले, पण जो पॅनिकने आडवे होऊन तो अडवला आणि हातमोज्यातूनच शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ब्रँडन क्रॉफर्डकडे उडवला. हॉस्मर पहिल्या बेसवर डोके पुढे करून झेपावला. पंचांनी नाबाद दिले. जायंट्सनी दाद मागितली आणि जवळजवळ तीन मिनिटे चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्यात आला. दोघेही बाद. पहिल्या बेसवरून पुढे धावत जायला मुभा असते. झेप घेतल्याने वेळ वाचत नाही, उलट जातो. सरळ धावत गेला असता तर हॉस्मर वाचला असता, असे मला ठामपणे वाटते. चौथ्या डावात जायंट्सची तिसरी धाव आली आणि पाचव्यात, फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, बमगार्नर चालत मैदानात आला.

ओमार इन्फान्तेने त्याला लगेच फटका मारला. पुढे रॉयल्सच्याच एस्कोबारने चेंडू नुसता टेकवून स्वतःचा बळी दिला आणि इन्फान्ते दुसऱ्या बेसवर गेला. त्यानंतर आओकीने डावीकडे रेषेलगत सणसणीत मारले. तो चेंडू जमिनीला लागला असता तर बरोबरी झाली असती. हुआन पेरेझ नावाच्या जायंट्सच्या खेळाडूने धावत येऊन तो झेलला. इन्फान्तेच्या फटक्यानंतर बमगार्नरने ओळीने चौदा बळी मिळवले.

मग गॉर्डन. त्याचा फटका डाव्या-मधल्या भागात पडला. एका बेसचाच होता. ग्रेगर ब्लँकोने पुढे येण्याची घाई केली आणि चेंडू त्याच्या बाजूने निसटून थेट भिंतीपर्यंत गेला. तेथे तो उचलायला कोण, तर तोच हुआन पेरेझ. आणि त्याच्याही हातून तो एकदा सुटला. आमच्या दिवाणखान्यातले सगळे उभे राहिलो होतो. गॉर्डन तिसऱ्या बेसकडे येत होता आणि बेसजवळ उभे असलेले प्रशिक्षक माइक जर्शेल यांनी दोन्ही हात वर करून त्याला थांबवले.

ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली आहे, ते पत्नीला ठाऊक आहे. गॉर्डन तिसऱ्या बेसवर येतो त्या सुमारास चेंडू क्रॉफर्डच्या हातात आलेला आहे आणि तो घराकडे तोंड करून वळतो आहे. क्रॉफर्ड हा त्या काळातल्या सर्वोत्तम शॉर्टस्टॉपपैकी एक होता आणि घरी झेल घ्यायला बस्टर पोझी बसलेला होता. फेक वाकडी गेली असती तरच धाव झाली असती. सरळ गेली असती तर गॉर्डन दहा-पंधरा फुटांनी बाद होता. जर्शेल यांचे बरोबरच होते. गॉर्डन पहिल्या पावलापासून जीव तोडून धावला नाही, असे म्हणणारे आहेत. पण एका बेसचा फटका मारून कोण तसा धावतो? "पुढचा फलंदाज बमगार्नरला मारू शकणार नव्हताच, मग धोका पत्करायला काय हरकत होती," हा एकच युक्तिवाद मला थोडासा टोचतो, कारण पुढचा फलंदाज होता सॅल्वाडोर पेरेझ.

त्याच सामन्यात, दुसऱ्या डावात, पेरेझच्या मांडीवर चेंडू बसला होता आणि तो लंगडत होता. बमगार्नरला त्याची खोड ठाऊक होती. त्याने चेंडू छातीच्या वर, आणखी वर टाकायला सुरुवात केली आणि पेरेझ बॅट फिरवत राहिला. ओकलंडविरुद्ध ज्या सवयीने हंगाम वाचवला होता, तीच ही सवय. अखेर एक चेंडू बॅटच्या कडेला लागून तिसऱ्या बेसच्या बाहेर उंच उडाला. पाब्लो सँडोवाल मान वर करून मागे सरकत गेला, झेल घेतला आणि हात पसरून पाठीवर पडला. गॉर्डन तेथून काही पावलांवर उभा होता. जायंट्सचे पाच वर्षांतले ते तिसरे अजिंक्यपद.

भारतात तेव्हा सकाळ झाली होती आणि बाबांचा फोन आला.

"जिंकलात का?"

"नाही. एका रनने गेलो."

"शेवटची जोडी होती?"

"तसंच समजा. एक माणूस तिसऱ्या बेसवर उभा होता."

"मग पळाला का नाही?"

"कोचने थांबवलं, बाबा."

"मैदानात कोच कशाला लागतो?" असे म्हणून त्यांनी विषय बदलला; माझ्या आवाजावरून त्यांच्या ते लक्षात आले असावे.

पुढच्या वर्षी रॉयल्स पुन्हा अंतिम मालिकेत पोहोचले आणि न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, नवव्या डावात एका धावेने मागे असताना, गॉर्डनने मधल्या भिंतीपलीकडे होम रन मारून बरोबरी केली. ते बाबांना कळवायला मी फोन केला. त्यांना संघाचे नावही नीट आठवत नव्हते.

"तोच का रे," त्यांनी विचारले, "तिसऱ्यावर राहिलेला?"

"तोच."

"मग या वेळी त्याला कुणी थांबवलं नाही?"